केसपेपरवर आपले काय लिहिले जाते?

वसईपासून डहाणूपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात जा, कपाटाच्या तळाशी नाहीतर दाराआडच्या खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी सापडेलच. एक्स-रेचे काळे फोटो, रक्त-लघवीचे रिपोर्ट, घडीवर फाटलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि इस्पितळाचे केसपेपर तिच्यात कोंबलेले असतात. घरातले कोणी आजारी पडले की ती पिशवी उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, एवढाच तिच्याशी आपला संबंध. आत काय लिहिले आहे ते आपण वाचत नाही. एक तर ते इंग्रजीत, त्यात डॉक्टरांचे अक्षर, आणि वाचले तरी आपल्याला काय कळणार अशी समजूत.

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षे एका सहकारी बँकेत खतावण्या सांभाळून निवृत्त झालो आणि आता होळीला राहतो. तेव्हा आरोग्याच्या सदरात या माणसाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. काम आहे ते असे. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत आपल्याला नीट वागवले नाही तर आपण संतापतो, चार जणांना सांगतो आणि आठवड्याभरात राग ओसरतो. त्या रात्री कागदावर जे लिहिले गेले ते मात्र ओसरत नाही. ते वर्षानुवर्षे आपल्यामागे येते, आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर आपल्या तोंडच्या शब्दांपेक्षा त्या कागदावर अधिक विश्वास ठेवतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जेवण आटोपून बसलो असता छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे जड वाटू लागले आणि दरदरून घाम फुटला. मुलाने रिक्षा आणली. रस्त्यात जागोजागी पाणी तुंबलेले, तरी पंधरा मिनिटांत आम्ही तालुक्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पोहोचलो. नाव देत नाही. नाव दिल्याने वाचकांचा काही फायदा नाही, आणि असे एकच रुग्णालय आहे असेही नाही.

दारातच सांगण्यात आले की आधी फॉर्म भरा, खिडकीवर अनामत भरा. मुलगा तिकडे धावला. मला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवले. मी तिथल्या सिस्टरना सांगितले की छातीत जड झाले आहे, मला मधुमेहाची गोळी चालू आहे आणि सल्फाचे औषध चालत नाही. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर आले, त्यांनाही तेच सांगितले. ते मुलाकडे वळून हिंदीतून विचारू लागले, मुलगा त्याला सुचेल तसे सांगू लागला. मग ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. ईसीजीचे यंत्र माझ्यापाशी आले तेव्हा आम्हाला येऊन पाऊण तास उलटून गेला होता.

या मधल्या वेळात एका लहान मुलीला आकडी आलेली म्हणून आईवडील उचलून घेऊन आले. ती माझ्यानंतर आली आणि माझ्याआधी आत गेली. त्याबद्दल माझी बिलकुल तक्रार नाही. कॅज्युअल्टीतली रांग रेशनच्या दुकानासारखी नसते. जो आधी आला तो आधी, हा हिशेब तिथे चालत नाही. ज्याचा जीव आधी जाईल तो आधी. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लारे यांनी जखमी सैनिकांच्या बाबतीत हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावण्याची रीत घालून दिली, आणि आज बहुतेक मोठ्या इस्पितळांत लाल, पिवळा, हिरवा असे रंग लावून तेच करतात. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबला तरी चालेल. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना एवढे जरी कोणी समजावून सांगितले तरी निम्मी भांडणे मिटतील.

पण त्याच रीतीने पाहिले तर साठी ओलांडलेला, मधुमेही, छातीत जड झालेला, घामाने भिजलेला माणूस खुर्चीवर बसण्याचा नव्हे. छातीत दुखत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढून तो डॉक्टरांनी पाहावा, असा हृदयरोगतज्ज्ञांचा जगभर मान्य झालेला दंडक आहे. मधुमेह असलेल्यांत तर हृदयविकाराचा झटका नेहमीच्या लक्षणांनी येतोच असे नाही. कधी नुसता घाम, कधी मळमळ, कधी थकवा. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो असेही नव्हे. काही तासांच्या अंतराने तो पुन्हा काढावा लागतो, रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी पुन्हा करावी लागते. हे सारे माझ्या बाबतीत नंतर व्यवस्थित झाले, हेही सांगितले पाहिजे. रात्रभर देखरेखीखाली ठेवले, दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडले.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि त्याला जोडलेला केसपेपर वाचायला बसलो. जुनी सवय. रक्कम, तारीख, सही पाहिल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही.

मधुमेह दोन वर्षांपासून, असे मी सांगितले होते. कागदावर होते बारा वर्षे. औषधांच्या ॲलर्जीच्या रकान्यात ‘एन.के.डी.ए.’ अशी चार अक्षरे होती. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की याचा अर्थ ‘कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्याचे माहीत नाही’. आणि येण्याची वेळ लिहिली होती रात्री दहा वाजून पाच मिनिटे. ईसीजीच्या पट्टीवर छापलेली वेळ दहा वाजून आठ. म्हणजे कागदाप्रमाणे मी आलो आणि तिसऱ्या मिनिटाला माझा ईसीजी निघाला. उत्तम सेवा! गंमत अशी की अनामत भरल्याच्या पावतीवर त्यांच्याच संगणकाने नऊ वाजून अठरा मिनिटे छापली होती. माणूस येण्याआधी पाऊण तास त्याचे पैसे आले, असा हिशेब बँकेत कोणी मांडला असता तर त्याला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतले असते.

कोणी म्हणेल, माणूस बरा होऊन घरी आला ना, मग कागदाचे काय घेऊन बसलात? सल्फाचेच घ्या. काही वर्षांपूर्वी लघवीच्या संसर्गासाठी दिलेल्या सल्फायुक्त गोळ्यांनी माझ्या अंगभर पुरळ उठले होते. अशा माणसाला तेच औषध पुन्हा दिले गेले तर दर वेळी नुसत्या पुरळावर भागेल असे नाही. क्वचित कातडी सोलवटून जीव धोक्यात येण्यापर्यंत मजल जाते. उद्या मी बेशुद्धावस्थेत पोहोचलो, तर डॉक्टर पिशवीतला हाच कागद पाहणार. रकाना कोरा असता तर त्यांनी निदान नातेवाइकांना विचारले असते. चुकीचा भरलेला रकाना कोऱ्यापेक्षा घातक.

दोन वर्षांची बारा कशी झाली, यावर मी बराच विचार केला. मुलाने हिंदीत सांगितले, डॉक्टरांनी घाईत ऐकले, इतकेच असेल. कॅज्युअल्टीतल्या नोंदींचा मोठा भाग रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवर उभा असतो, आणि आपल्याकडे ती हकिगत तीन भाषांतून गाळून कागदावर उतरते. आजी सामवेदीत सांगणार, नातू तिचे हिंदी करणार, डॉक्टर त्याचे इंग्रजी करून लिहिणार. मराठीत आपण ‘दम लागतो’ म्हणतो. जिना चढल्यावर धाप लागते, एवढाच त्याचा अर्थ, आणि ते हृदयाचे लक्षण असू शकते. ऐकणाऱ्याला त्यात ‘दमा’ ऐकू आला तर कागदावर अस्थमा येतो आणि पुढची सगळी औषधे त्या दिशेने जातात. ‘घाबरल्यासारखे होते’ असे आपल्या बायका म्हणतात. ते भीतीबद्दल नसते. छातीत धडधडते, जीव कासावीस होतो, असे त्यांना सांगायचे असते. त्याचे शब्दशः भाषांतर झाले की मनाचा आजार म्हणून शेरा पडतो. कोणी ‘काळजात दुखते’ म्हणत पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवतो. त्यामुळे शब्दापेक्षा बोट अधिक खरे. दुखते कुठे ते हाताने दाखवावे, कधीपासून ते तारखेने किंवा सणावाराने सांगावे, आणि शक्यतो रुग्णाने स्वतः सांगावे. हिंदीत ‘दो’ म्हणतानाच दोन बोटे वर केली असती तर ऐकण्यातली ही गफलत टळती, असे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितले.

आमच्या वसईत आणखी एक घोळ असतो तो नावांचा. एकाच गावात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या तीन-तीन बाया निघतात. गावात त्या आळीवरून, घराच्या नावावरून ओळखल्या जातात. इस्पितळाच्या संगणकाला आळी कळत नाही. शिवाय डिमेलो, डाबरे, गोन्साल्विस ही आडनावे इंग्रजीत कोणी कशी लिहील याचा नेम नाही. मधेच विरामचिन्ह, मधेच जोडून, मधेच एक अक्षर कमी. अशा वेळी एकीचा रिपोर्ट दुसरीच्या फायलीला लागणे अशक्य नाही. म्हणून हातात पडलेल्या प्रत्येक कागदावर नुसते नाव न पाहता वय, पत्ता आणि रुग्ण क्रमांकही पाहावा.

आता या सगळ्यात कायदा कुठे येतो ते पाहू. तातडीच्या उपचारांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येकाला माहीत असायला हवेत. पहिला परमानंद कटारा यांच्या याचिकेवरचा, २८ ऑगस्ट १९८९ चा. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून घेतले नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तिथे पोहोचण्याआधी तो दगावला, अशी बातमी त्या याचिकेच्या मुळाशी होती. न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. पोलिसांची कागदपत्रे नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही अपघातग्रस्ताला डॉक्टरांनी ताबडतोब उपचार द्यावेत असे लिहिले आहे.

दुसरा निकाल ६ मे १९९६ चा, पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यातला. रोज विरार लोकलच्या दाराला लोंबकळून जाणाऱ्या आपल्या लोकांना तो आपलाच वाटेल. ८ जुलै १९९२ रोजी एक शेतमजूर आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. गावच्या आरोग्य केंद्रातून त्याला कोलकात्याला पाठवले आणि तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोणी खाट नाही म्हणून तर कोणी सोय नाही म्हणून, त्याला परत लावले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेतल्या जगण्याच्या हक्काचाच भंग ठरवला आणि सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

या निकालाचा एक भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्या प्रकरणाच्या चौकशीत आकस्मिक विभागातल्या नोंदवह्यांचा प्रश्न पुढे आला. त्यानंतर काढलेल्या सूचनांत असे स्पष्ट आहे की येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, पत्ता, आजार, येण्याची व तपासण्याची तारीख आणि वेळ, त्याला दाखल केले की दुसरीकडे पाठवले, हे सारे तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवायचे. वेळ का? कारण वेळ लिहिली नाही तर उशीर झाला हे कधीच सिद्ध होत नाही. माझ्या पावतीवरचे नऊ अठरा आणि केसपेपरवरचे दहा पाच यांतले अंतर मला का खुपले, ते यावरून लक्षात येईल.

कागदावर लिहिले गेलेले खोडणे किती अवघड, याचे उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, मग दोनशे मैल टॅक्सीतून त्याला पुण्याला नेले. ९ मे रोजी तिथल्या एका शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि त्याच रात्री तो गेला. मृत्यूचे कारण डॉक्टरांनी दिले ते ‘फॅट एम्बोलिझम’, म्हणजे हाडातली चरबी रक्तात जाऊन झालेली अडचण. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांना ते पटले नाही. ते कोर्टात गेले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असा निष्कर्ष खालच्या न्यायालयाने काढला, उच्च न्यायालयाने मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी कायम केला. भरपाई तीन हजार रुपये. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने हा खटला आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणांत सांगितला जातो. कागदावरच्या एका कारणाविरुद्ध, वडील स्वतः जाणकार असूनही, पंधरा वर्षे लागली. तिथे तुमच्याआमच्या साध्या माणसाची काय कथा!

त्या काळी केसपेपर हा इस्पितळाचा खासगी दस्तऐवज मानला जाई आणि मागणाऱ्याला सरळ नाही म्हणत. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात सांगितले की रुग्णाच्या केसपेपरच्या प्रती त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना देण्यास गुप्ततेचे कारण पुढे करता येणार नाही. प्रती काढण्याचा वाजवी खर्च रुग्णालयाने घ्यावा. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सतरा हक्कांच्या सनदेतही हा हक्क आहे. आपल्या राज्यात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना भाग पडले. पुढच्या खेपेस भिंतीवर शोधून पाहा.

इथे एक मेख आहे. २००२ चा नियम दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींबद्दल बोलतो. कॅज्युअल्टीत टाके घालून किंवा इंजेक्शन देऊन तासाभरात घरी पाठवलेल्या माणसाकडे हातातल्या एका चिठ्ठीखेरीज काही नसते. म्हणून ती चिठ्ठी घेतल्याशिवाय दार ओलांडू नये, आणि तिच्यावर वेळ, दिलेले औषध व डॉक्टरांचे नाव आहे ना ते तिथेच पाहावे.

मी प्रतीसाठी लेखी अर्ज दिला. खिडकीवरच्या गृहस्थांनी आधी सांगितले की फाइल ही रुग्णालयाची मालमत्ता आहे. ते खरेही आहे. मूळ फाइल त्यांचीच. मी म्हटले, मूळ तुमच्याकडेच राहू द्या, मला प्रत द्या आणि अर्जाच्या माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारा. शिक्का पडला की माणसे अदबीने बोलू लागतात, हा माझा बँकेतला अनुभव तिथेही खरा ठरला. चौथ्या दिवशी सर्व पाने मिळाली.

दुरुस्तीचे मात्र वेगळे असते. चूक दिसली म्हणून जुनी नोंद पांढऱ्या शाईने झाकून त्यावर नवी लिहा असा आग्रह धरू नये. तसे करणे डॉक्टरांच्याही अंगाशी येते, कारण खाडाखोड केलेला केसपेपर कोर्टात संशयास्पद ठरतो. रीत अशी की जुने लिहिलेले वाचता येईल अशा बेताने त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, तारीख, वेळ आणि सही. फाइल बंद झाली असेल तर वेगळी पुरवणी नोंद जोडायची. तुम्ही मात्र पुरावा द्यायला हवा. मी मधुमेहाचे निदान झाले त्या दिवसाचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि आमच्या डॉक्टरांची तेव्हाची चिठ्ठी लावली. ज्या तरुण डॉक्टरांनी ती नोंद केली होती त्यांनीच पुरवणी नोंद लिहून दिली, मधुमेहाची आणि सल्फाचीही. ते सलग दुसऱ्या पाळीला उभे होते, डोळे तांबारलेले. त्यांच्याशी बोलल्यावर माझा त्यांच्यावरचा राग गेला. ज्यांनी रात्री एवढ्या पेशंटना एकच डॉक्टर ठेवला त्यांच्यावरचा गेला नाही.

ही दुरुस्ती झाली नसती तर काय झाले असते ते लवकरच कळले. माझी आरोग्य विम्याची पॉलिसी तीन वर्षांची. विमा कंपनीने डिस्चार्ज कार्ड पाहून कळवले की तुम्हाला बारा वर्षांपासून मधुमेह असून पॉलिसी घेताना तो लपवला, सबब दावा नामंजूर. एका आकड्याने मला खोटारडा ठरवले! पुरवणी नोंद, जुना रिपोर्ट आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाठवल्यावर दोन महिन्यांनी पैसे आले. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे सलग पाच वर्षे विमा चालू असेल तर फसवणुकीखेरीज अशा कारणाने दावा नाकारता येत नाही. त्याआधी मात्र डिस्चार्ज कार्डावरचा ‘किती वर्षांपासून’ हा रकाना डोळ्यांत तेल घालून तपासावा. अपघात असेल तर मद्यप्राशनाचा शेरा आहे का तेही पाहावे. तपासणी न करता नुसता वास आल्याच्या समजुतीवर तो लिहिला गेला असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

आपल्या भागात आणखी एक कागद फार वेळा सही करून घेतला जातो. इथे सोय नाही, मुंबईला हलवा, असे रुग्णालय तोंडी सांगते. रुग्णवाहिका दारात, माणूस धापा टाकतो आहे, आणि नातेवाइकांपुढे एक इंग्रजी कागद येतो. त्यावर लिहिलेले असते की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर आम्ही रुग्णाला नेत आहोत. डॉक्टर लोक त्याला ‘डामा’ म्हणतात. हायवेवरच्या वाहतुकीत वाटेत काही बरेवाईट झाले तर जबाबदारी सही करणाऱ्याची. रुग्णालयानेच पाठवले असेल तर या कागदाऐवजी संदर्भ चिठ्ठी मागावी: का पाठवत आहोत, आतापर्यंत कोणती औषधे किती वाजता दिली, निघताना नाडी व रक्तदाब किती होता. मुंबईतल्या डॉक्टरांना उपयोगही तिचाच होतो. इंग्रजी कळत नसेल तर सहीच्या वर मराठीत लिहावे, ‘येथे सोय नसल्याचे सांगितल्यामुळे नेत आहोत’. हे लिहायला अर्धे मिनिट लागते.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या स्वतःच्या नोंदी साध्या अर्जाने मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. मुदत तीस दिवस, आणि जीविताशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. खासगी रुग्णालयाबद्दलची तक्रार, आपल्या वसई-विरारमध्ये २००९ पासून महापालिका असल्यामुळे, तिच्या आरोग्य विभागाकडे जाते, कारण शुश्रूषागृहांची नोंदणी तिथे होते. पैसे भरून घेतलेल्या उपचारातल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहे. १३ नोव्हेंबर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सेवा त्या कायद्याखाली आली; तक्रारीची मुदत दोन वर्षे. पण प्रत्येकाने आयोगात धाव घ्यावी असे मी म्हणणार नाही. बहुतेकांना पैसे नको असतात, नोंद बरोबर हवी असते.

माझ्या तीन हरकतींपैकी दोन निकालात निघाल्या. येण्याच्या वेळेबद्दल रुग्णालयाने लेखी उत्तर दिले की ती संगणकातून आपोआप येते, बदलता येत नाही. मी अनामतीची पावती आणि ईसीजीच्या पट्टीची झेरॉक्स जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज केला आहे. त्यावर आवकचा शिक्का आहे. उत्तर आले की याच सदरातून कळवीन.